कानात बोळे घालण्याचा अधिकार

२०२५ च्या महाशिवरात्रीच्या आठवड्यात एम. ए. च्या वर्गावर मी एक विनोद केला. हा लेख त्या विनोदाची परतफेड आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. दुसऱ्या बाकावरची एक विद्यार्थिनी काही विचारले तरी उत्तर देईना. दोनदा नाव घेतले, तिसऱ्यांदा आवाज चढवला, आणि मग सवयीने तोंडातून गेले, ‘‘कानात बोळे घालून बसलीस काय?’’ ती उठून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘अडकला आहे जी सर, निघतच नाही.’’ वर्ग हसला. मीही हसलो.

तास संपल्यावर कळले ते असे. मुलगी प्रतापगडच्या पायथ्याजवळच्या वस्तीतली. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. आधी शेजारच्या लग्नाच्या दोन रात्री, मग यात्रेच्या रात्री. कानात कापूस कोंबून ती वाचत होती आणि तसाच झोपतही होती. त्या सकाळी बोळा अर्धाच बाहेर आला. काडीने काढू गेली तो आणखी आत गेला. कान ठणकत होता. ‘‘वाचलेला डोक्यात रायतच नाही जी,’’ एवढेच ती शेवटी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, उशिरा उत्तर दिल्याचे कारण म्हणून.

ज्यांनी गोंदिया जिल्ह्यातले हे प्रतापगड पाहिले नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाव ऐकताच वाचकाचे मन साताऱ्याच्या प्रतापगडाकडे, अफजलखानाकडे धावते. तो हा नव्हे. हा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, नवेगावबांधच्या जंगलाच्या शेजारचा गड. इथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि पलीकडच्या छत्तीसगडातूनही पोहे निघतात. लोक पायी येतात, गडावर जातात, दर्ग्यावरही माथा टेकतात. या यात्रेविषयी मला प्रेम आहे. सलोख्याच्या भाषणांत तिचा उल्लेख मीही वर्षानुवर्षे करत आलो आहे. मात्र पायी आलेल्या भाविकाच्या मुखातला महादेवाचा गजर ही एक गोष्ट आणि चारचाकीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांची भिंत ही दुसरी. पहिलीने कुणाचा अभ्यास बुडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि हेही ध्यानात घ्यावे की २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, तर बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झालेली होती. हा योगायोग दरवर्षीचा आहे. परीक्षा, यात्रा, लग्नसराई आणि शंकरपटानंतरचे कार्यक्रम ही सारी एकाच ऋतूतली पिके.

प्राध्यापक-कक्षात मी हा प्रसंग सांगितला तेव्हा तीन मते ऐकायला मिळाली. ती केवळ आमच्या कक्षातली नाहीत. मराठीच्या कोणत्याही विभागात ती थोड्याफार फरकाने भेटतील, म्हणूनच त्यांच्याशी भांडण्यात अर्थ आहे.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, मन एकाग्र असेल तर नगारे वाजले तरी फरक पडत नाही. त्यांनी अर्जुनाचा आणि पोपटाच्या डोळ्याचा दाखला दिला. मी त्यांना एवढेच विचारले की, सर, त्या प्रसंगी द्रोणाचार्यांनी शेजारी डीजे लावला होता काय? गोष्ट एवढ्यावर सोडून देतो, कारण एकाग्रतेचा उपदेश करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अभ्यासिकेला बहुधा दार असते आणि ते लावता येते. ज्याच्याकडे दार आहे त्याने बिनदाराच्या माणसाला मनोनिग्रह शिकवू नये.

दुसरे मत अधिक विद्वत्तापूर्ण होते आणि म्हणून अधिक धोकादायक. आपली परंपरा श्रवणाची, असे ते मत. कीर्तन, भारूड, दंडार, झाडीपट्टीचे रात्रभर चालणारे नाटक, हे सारे कानाने जगलेले साहित्य. खेड्यातल्या माणसाला समूहाचा आवाज हेच सुख. कानात बोळे घालणे ही शहरी, व्यक्तिवादी, आयात केलेली वृत्ती आहे. मौखिक परंपरेवरच्या चर्चासत्रांत हा विचार इतक्यांदा मांडला गेला आहे की तो आता विचार राहिलेला नाही, सवय झाली आहे.

याला माझे उत्तर असे. ज्याने झाडीपट्टीचे नाटक खरोखर पाहिले आहे त्याला ठाऊक असते की त्या मंडपात माणूस ऐकायला गेलेला असतो. तिकीट काढून, घोंगडी पांघरून, रात्रभर जागून. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांची वर्षाची कमाई या ऐकणाऱ्या माणसावर उभी आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीतल्या या प्रेक्षकाचाही तो मान होता. ऐकणे म्हणजे कान देणे. मराठीत आपण कान ‘देतो’. न मागता हिसकावून नेलेल्या कानाला श्रवणपरंपरा म्हणायचे असेल तर मग खिसा कापणाऱ्यालाही दानधर्माची परंपरा चालवल्याचे श्रेय द्यावे लागेल.

आणि ही वृत्ती आयात केलेली कशी? भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा कशासाठी जात होते? ज्या संताच्या नावाने टाळ-मृदंगाचा सर्वात मोठा गजर महाराष्ट्रात होतो, त्याने गजरापूर्वी एकांत शोधला होता. गजराचा आणि एकांताचा असा सांधा आपल्या परंपरेत आहे. त्यातला एकच अर्धा उचलून आपण त्याला समूहसंस्कृती म्हणतो. युरोपातल्या लेखकांनी या बाबतीत भरपूर आरडाओरडा करून ठेवला आहे. कार्लाइलने लंडनच्या घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधवून घेतली आणि ती फसली. प्रूस्तने भिंतींना बुचाचे अस्तर लावले. काफ्काने घरातल्या गोंगाटावर लिहिलेला छोटा मजकूर १९१२ मध्ये चक्क छापून आणला आणि पुढे बर्लिनहून मेणाचे बोळे मागवून घेतले. मॅक्स नेग्वर नावाच्या औषधविक्रेत्याने १९०७ च्या सुमारास बनवलेले, मेण आणि कापूस यांचे ते बोळे. आमच्या अभ्यासक्रमात काफ्काच्या एकाकीपणावर दहा गुणांचा प्रश्न असतो. त्याच्या बोळ्यांचा कुणी उल्लेखही करत नाही. काफ्काने घातले तर अस्तित्ववाद आणि प्रतापगडच्या मुलीने घातले तर विनोद, असा हा आमचा समीक्षाव्यवहार आहे. (यातला दुसरा भाग मी स्वतः केला आहे, हे वर सांगितलेच.)

परंतु माझा खरा आधार काफ्का नाही. परळच्या चाळीतली ती खोली आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी तिचे वर्णन केले आहे. एकच खोली, तीत सारे कुटुंब, चूल, धूर, जळण, जाते, जवळ बांधलेली शेळी. अशा ठिकाणी अभ्यास कसा व्हावा? वडील रामजी सुभेदारांनी त्यावर जी व्यवस्था काढली ती मला मराठी शिक्षणाच्या इतिहासातली एक मोठी घटना वाटते. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. दोन वाजता मुलाला उठवायचे आणि मग त्याच जागेत स्वतः झोपायचे. पुढे बिनकाचेच्या चिमणीच्या उजेडात सकाळपर्यंत वाचन.

या व्यवस्थेत जागेची टंचाई वेळेने भरून काढलेली आहे हे सर्वांनाच दिसते. तिला आणखी एक गोष्ट लागत होती, ती आपल्या नजरेतून सुटते. रात्रीच्या दोनला परळ शांत असणे. गिरणगावच्या मध्यात, एका खोलीत, गरीब माणसाला कुणाकडे न मागता मिळालेली ती एकमेव मालमत्ता होती. खोली विकत घ्यावी लागते, दिवा विकत घ्यावा लागतो, पुस्तके तर लागतातच. पहाटेपूर्वीची शांतता फुकट होती आणि ती जातपात विचारत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या या देशातल्या गरिबांच्या मुलांनी तिच्यात अभ्यास केला. आता ती उरलेली नाही. परळमध्ये नाही आणि प्रतापगडमध्येही नाही. उलट ग्रामीण साहित्य शिकवताना आम्ही खेड्याच्या ‘नीरव शांततेवर’ आजही टिपणे देतो. ही टिपणे ज्यांच्यासाठी, त्यातले निम्मे विद्यार्थी त्याच खेड्यातून न झोपता आलेले असतात.

म्हणून मी म्हणतो की कानातला बोळा ही चैनीची वस्तू नव्हे. रामजी सुभेदारांनी मुलाला जे दिले त्यातला हरवलेला तुकडा काही रुपयांत परत मिळवण्याचे ते साधन आहे.

इथे तिसरे मत उभे राहते, आणि ते मला सर्वात जवळचे आहे, म्हणून त्याच्याशी भांडणे सर्वात अवघड. आमचे एक तरुण सहकारी पर्यावरणाच्या चळवळीत आहेत. ते म्हणाले, तुम्ही पीडितालाच कान बंद करायला सांगता, ही शरणागती आहे. कायदा आहे, तो वापरा. कायदा आहे हे खरेच. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे सारे पक्के केले. आणि तरीही दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की शांतता क्षेत्र म्हणून कायदा ओळखतो ते रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर. त्यातही २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे कायद्याला शाळेची इमारत ठाऊक आहे, अभ्यास ठाऊक नाही. अभ्यास होतो तो रात्री, घरात, चुलीशेजारी, आणि त्या वेळी शाळा कुलूपबंद असते. दुसरी अडचण अधिक मानवी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले की तक्रारदाराची ओळख विचारू नये आणि उघड करू नये. मुंबईच्या उपनगरात हे संरक्षण आहे. पण ज्या वस्तीत एम. ए. करणारी मुलगी एकाच घरात आहे, तिथे निनावी तक्रारीला नाव असतेच. मंडळाचा अध्यक्ष तिचा चुलतभाऊ. ज्याच्या घरी लग्न, त्याच्याकडून रोवणीला बैलजोडी आणलेली. तिने ११२ क्रमांक फिरवावा असे म्हणणारे आम्ही, आमच्या स्वतःच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत किती वेळा फिरवतो?

कायद्यासाठी भांडले पाहिजे, आणि ते काम आम्ही पगारदार मास्तरांनी करावे. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीच्या झोपेवर ती लढाई लढवू नये. ती लढाई जिंकायला वीस वर्षे लागली तरी चालेल, तिचा पेपर मंगळवारी आहे.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो. साहित्यविषयक पानावर हे कशाला, असे वाटणाऱ्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडून जावेत. मला मात्र ही माहिती वयाच्या पंचेचाळिशीत एका विद्यार्थिनीचा कान दुखावल्यावर गोळा करावी लागली याची लाज वाटते.

कापूस वापरू नये. तो आवाज फारसा अडवत नाही आणि त्याचे तंतू आत राहतात. औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन जे मिळतात ते ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला फोमचा : दाबला की बारीक होतो आणि कानात गेल्यावर सावकाश फुगतो. दुसरा रबरासारख्या सिलिकॉनचा, एकावर एक तीन टोप्या घातल्यासारखा, मागे दांडी असलेला. तिसरा मेणाचा किंवा मऊ सिलिकॉनचा गोळा, जो आत न घालता कानाच्या तोंडावर चपटा करून बसवायचा. अभ्यासासाठी दांडीवाला सोयीचा, कारण आईने हाक मारली की चटकन काढता येतो, पुन्हा घालता येतो आणि साबणाने धुता येतो. झोपताना तो नको. कुशीवर वळले की उशी दांडी आत दाबते आणि मध्यरात्री माणूस दुखून जागा होतो. झोपेसाठी मऊ, आखूड फोम बरा, कानाच्या बाहेर न डोकावणारा. ज्यांना कानात काही घातलेलेच सोसत नाही त्यांना मेणाचा गोळा मानवतो.

दुखतो तो बहुतेक वेळा माप चुकल्यामुळे. नेहमीचा आकार मोठ्या कानाच्या हिशोबाचा असतो. पुष्कळ मुलींचा कर्णमार्ग अरुंद असतो आणि त्यांच्यासाठी लहान मापाचे वेगळे मिळतात, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. सवय होईल म्हणून दुखणे सोसू नये. घालण्याचीही रीत आहे. हात धुवावेत, फोम बोटांत वळून काडीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, मग बोळा सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. पाकिटावर एनआरआर म्हणून जो आकडा छापलेला असतो तो प्रयोगशाळेतला. तज्ज्ञ फोमसाठी तो निम्मा धरतात. ३२ लिहिले असेल तर १६ समजावेत. तेवढ्याने शेजारच्या खोलीतले बोलणे, भांडी, दूरचित्रवाणी पुसट होते आणि वाक्यातले शब्द कळेनासे होतात. अभ्यासाला खरी बाधा शब्दांचीच असते, हे वाचणाऱ्या कुणालाही पटेल. डीजेचा खालचा, छातीत घुमणारा ठोका मात्र पूर्ण थांबत नाही. तो हाडांतूनही पोहोचतो. इअरफोन लावून गाणी मोठी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, ती गोंगाटावर गोंगाटाची मात्रा झाली.

कान फुटलेला असेल, वाहत असेल, आत मळ घट्ट बसला असेल तर आधी डॉक्टर. फोमचे बोळे मळले की टाकून द्यावेत. गजर हवा असेल तर भ्रमणध्वनी कंपनावर ठेवून उशीखाली ठेवावा. विद्यार्थिनीच्या कानाचेही शेवटी डॉक्टरांनीच पाहिले. पाच मिनिटांचे काम होते, पण त्यासाठी तिला गावाहून दोन वेळा तालुक्याला यावे लागले.

लहान मापाच्या फोमची जोडी मी तिला आणून दिली तेव्हा तिच्या आईने जो आक्षेप घेतला तो आमच्या कक्षातल्या तिन्ही मतांहून भारी होता. आई म्हणाली, रात्री कान बंद करून कसे झोपायचे, बाप्पा? गाव जंगलाला लागून आहे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प. बिबट्या अंगणात येतो. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळप २०२२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यातही येऊन गेला, तेव्हा लोक रात्ररात्र कानोसा घेत बसले होते. मारुती चितमपल्ली याच नवेगावच्या रानात वर्षानुवर्षे कान टवकारून हिंडले. इथला माणूस तर जगण्यासाठी कान टवकारतो. त्या बाईला कान म्हणजे घराचे कुत्रे आहे, ते बांधून ठेवायला ती तयार नव्हती.

यावर माझ्याकडे पुस्तकी उत्तर नव्हते. दोघींनी तोडगा काढला. घरातले एक माणूस उघड्या कानाने झोपेल, मुलगी मधल्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर झोपेल. पण त्या बाईला मी जे सांगू शकलो नाही ते इथे लिहितो. सर्वोच्च न्यायालयाचा तो २००५ चा निकाल ज्या याचिकेतून आला तिच्यात एका तेरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. तिच्यावर बलात्कार झाला. तिच्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच दिवशी तिने स्वतःला जाळून घेतले. त्या दिवशी त्या वस्तीतल्या एकाच्याही कानात बोळा नव्हता. हत्ती आला तर कळणार कसे, हा प्रश्न यात्रेच्या रात्री कान उघडे ठेवणाऱ्यालाही विचारावा लागेल.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. वर्गात ‘कानात बोळे घालून बसणे’ हा वाक्प्रचार बेपर्वाईच्या अर्थाने शिकवायला माझी हरकत नाही, भाषेचे आपल्याला काय ऐकायचे! परंतु ग्रंथालयात शब्दकोशांशेजारी फोमच्या बोळ्यांचा एक डबा असावा, लहान आणि मोठ्या दोन्ही मापांचा. महाविद्यालयाचे वाचनालय परीक्षेच्या दोन महिन्यांत रात्रीही उघडे असावे. तालुक्याच्या यात्रा-नियोजनाच्या बैठकीत पाणी, बस आणि वाहनतळाच्या यादीखाली परीक्षेला बसलेल्या मुलांची एक ओळ असावी, आणि ती वाचून दाखवायला आमच्यापैकी कुणीतरी तिथे हजर असावे.

डब्याचा प्रस्ताव मी दिला आहे. खर्च फार नाही. लेखाशाखेने तो एका शंकेसह परत पाठवला : सदर वस्तू स्टेशनरीत मोडते की वैद्यकीय साहित्यात, याचा खुलासा करावा. मी ‘संदर्भसाधने’ असे लिहून फाईल पुन्हा वर पाठवली आहे.